आपला धर्म, सगळ्यांचा जिना: सामायिक इमारतीत नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी

१९९६ च्या सप्टेंबरअखेरीस कॅनडातल्या माँट्रियल शहरात एका महागड्या इमारतीच्या बाल्कनीत छोटा मांडव उभा राहिला. बाजूला हलक्या भिंती, वर डहाळ्या-पानांचं छप्पर, तेही मुद्दाम विरळ, आतून आकाश दिसावं असं. ज्यू लोकांचा सुकोत नावाचा सण असतो. वाळवंटातून भटकणारे पूर्वज अशाच झोपड्यांत राहिले, त्याची आठवण म्हणून सणाचे दिवस अशा मांडवात काढायचे, जेवण तिथेच घ्यायचं. या मांडवाला सुक्का म्हणतात. इमारतीच्या मंडळाचं म्हणणं असं की बाल्कनीत काही उभारायचं नाही हे नियमावलीत लिहिलेलं आहे आणि घर घेताना ती नियमावली तुम्ही मान्य केलेली आहे. पुढच्या वर्षी तिथल्या ज्यू कुटुंबांकडून परवानगी मागितली गेली, ती नाकारली गेली. त्याऐवजी खाली बागेत सगळ्यांचा मिळून एकच सुक्का उभारा, असं मंडळाने सुचवलं. स्वतःचा सुक्का हवा ही आमची श्रद्धा आहे, म्हणून त्या कुटुंबांना ते पटलं नाही. प्रकरण कोर्टात गेलं. खालच्या दोन्ही कोर्टांत ती कुटुंबं हरली आणि ३० जून २००४ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार अशा काठावरच्या बहुमताने जिंकली.

नऊ दिवसांचा सण, आणि निकालाला जवळजवळ आठ वर्षं. एवढा काळ ज्यांच्यासोबत खटला चालला त्यांच्याच शेजारी राहायचं, त्यांच्याच लिफ्टमध्ये चढायचं.

मी इमारतीच्या कमिटीत बसून असे अर्ज वाचले आहेत आणि एकदा टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभी राहून स्वतःही अर्ज केला आहे. त्यातून एक गोष्ट मला पक्की कळली. धर्मावरून झालेलं म्हणून जे भांडण सांगितलं जातं, त्याची सुरुवात बहुतेक वेळा जागा, वेळ आणि आवाज यांवरून झालेली असते. सुरुवातीलाच कोणी नीट मोजून मागितलं असतं आणि समोरच्याने नीट मोजून उत्तर दिलं असतं, तर ते देवापर्यंत पोचलंच नसतं. खाली जे लिहिलं आहे ते या एका गोष्टीभोवती आहे. तुम्ही घर विकत घेतलं असेल, भाड्याने आला असाल, किंवा नुकतेच कमिटीवर निवडून आला असाल, तिघांच्याही उपयोगाचं आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती मला फार महत्त्वाची वाटते. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात मालमत्तेचा हक्क कलम १७ मध्ये आहे आणि धर्मस्वातंत्र्याचा कलम १८ मध्ये. अगदी लागून. मालमत्ता एकट्याने तसंच इतरांसोबत बाळगता येते, असं पहिलं म्हणतं. धर्म एकट्याने किंवा इतरांसोबत, खाजगीत किंवा चारचौघांत पाळता येतो, असं दुसरं म्हणतं. सामायिक इमारतीत हे दोन्ही हक्क एकाच पॅसेजमध्ये समोरासमोर येतात. दोन्ही खरे आहेत. शेजाऱ्याचा मालकीहक्क म्हणजे निव्वळ कटकट, असं समजून अर्ज लिहू नका. आणि कमिटीवर असाल तर अर्जदाराची श्रद्धा म्हणजे निव्वळ हौस, असं समजून तो वाचू नका.

पायरी १: सामान हलवण्याआधी कागद वाचा

इमारतीची घोषणापत्रं, उपविधी, करारनामा जे काही असेल ते मागून घ्या. त्याबरोबर गेल्या दोन-तीन वर्षांतले सभेचे ठरावही मागा. नवीन माणूस नेमकं हेच विसरतो. मूळ नियमावलीत पॅसेजबद्दल ओळसुद्धा नसते आणि दोन वर्षांपूर्वीच्या ठरावात 'दाराबाहेर कोणतीही वस्तू ठेवू नये' असं असतं.

वाचताना पेन्सिल घेऊन काही शब्दांखाली रेघा मारा: बाल्कनी, दर्शनी भाग, बांधकाम, तात्पुरते, पॅसेज, गच्ची, आवाज, उघडी ज्योत, पूर्वपरवानगी. 'मनाई आहे' आणि 'परवानगीशिवाय मनाई आहे' यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्यात नियम बदलून घ्यावा लागतो, दुसऱ्यात नुसता अर्ज पुरतो.

घर अजून घेतलं नसेल तर ही वेळ सोन्यासारखी आहे. तुमच्या धर्माचरणाला जे हवं असेल ते सही करण्याआधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. माँट्रियलच्या खटल्यात विरुद्ध मत देणाऱ्या चार न्यायाधीशांपैकी विल्यम बिनी यांचा भर यावरच होता. आपल्याला काय पाळायचं आहे हे घेणाऱ्यालाच सगळ्यात चांगलं माहीत असतं. इमारत त्यानेच निवडली, नियम त्यानेच मान्य केले, आणि त्याच्या शब्दावर बाकीचे सहमालक विसंबून राहिले. बहुमताने ते मानलं नाही. नियमावलीतल्या मोघम कलमांवर सही केली म्हणजे कोणी आपला धर्म सोडून दिला असं होत नाही, हक्क सोडलाच असेल तर तो स्वेच्छेने, समजून-उमजून आणि स्पष्ट शब्दांत सोडलेला असला पाहिजे, असं बहुमताचं म्हणणं. मला बहुमताचं पटतं. पण बिनींचा मुद्दा तुमच्या शेजाऱ्याच्या मनात नक्की असतो, तेव्हा त्याला उत्तर तयार ठेवा.

आणि देश बदलला की निकाल बदलतो. माँट्रियलनंतर दोनच वर्षांनी, ८ जून २००६ रोजी, फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयापुढे जवळजवळ हाच प्रश्न आला: सणासाठी बाल्कनीत उभारलेला मांडव, आणि त्याला मनाई करणारी इमारतीची नियमावली. तिथे निकाल बरोबर उलटा लागला. धर्मस्वातंत्र्य मूलभूत असलं तरी त्याच्या आधारे सहमालकांच्या नियमावलीचा भंग कायदेशीर ठरत नाही, असं त्या कोर्टाने म्हटलं. तेव्हा दूरच्या देशातल्या निकालाचं कात्रण घेऊन सभेत उभं राहू नका. तुमच्या देशाचा, तुमच्या राज्याचा कायदा काय म्हणतो ते एकदा वकिलाकडून समजून घ्या.

भाडेकरूंसाठी थोडक्यात: तुमचा करार घरमालकाशी आहे, इमारतीशी नाही. आधी त्याची लेखी संमती, मग कमिटी. फ्रान्समध्येच २००२ साली काही भाडेकरूंनी घरमालकाकडे मागणी केली होती की प्रवेशद्वाराला विजेवर चालणारं सांकेतिक कुलूप आहे, शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, विजेची साधनं चालवायची नसल्याने आम्ही ते वापरू शकत नाही, तर साधं किल्लीचं कुलूप बसवा. करारात तसं स्पष्ट ठरलेलं नसेल तर घरमालकावर ती जबाबदारी येत नाही, असा निकाल लागला. जे हवं ते करारातच लिहून घ्यायचं, हा त्यातला व्यवहार.

पायरी २: आपली भिंत कुठे संपते ते पाहा

घराच्या आतली जागा, फक्त तुमच्या वापराची पण सामायिक मालकीची जागा, आणि सगळ्यांच्या वापराची जागा, असे तीन प्रकार असतात. पहिल्यात देव्हारा, प्रार्थनेची खोली, धर्मग्रंथ, उपास, व्रत यांत कोणी नाक खुपसायचं कारण नाही. आवाज, धूर, पाणी आणि वजन हे चारच भिंतीपलीकडे जातात, तेवढे सांभाळायचे.

गोंधळ होतो तो दुसऱ्या प्रकारात. बाल्कनी माझीच, दाराची बाहेरची बाजू माझीच, असं आपण धरून चालतो. अनेक इमारतींच्या कागदपत्रांत बाल्कनी सामायिक असते आणि तुम्हाला फक्त तिचा वापर दिलेला असतो. माँट्रियलमध्ये नेमकं हेच होतं. दाराची आतली फळी तुमची आणि बाहेरचा रंग इमारतीचा, असंही असतं.

दाराच्या चौकटीवरून शिकागोतल्या एका इमारतीचं प्रकरण सांगण्यासारखं आहे. ज्यू घरांत चौकटीला बोटभर लांबीची एक नळी लावलेली असते, आत धर्मग्रंथातला मजकूर लिहिलेली गुंडाळी. तिला मझूझा म्हणतात. २००१ मध्ये इमारतीने नियम केला की पॅसेजमध्ये दाराबाहेर पायपुसणी, बूट, ढकलगाड्या, कोणतीच वस्तू नको. नियम पसाऱ्यासाठी होता आणि सुरुवातीची काही वर्षं मझूझाला कोणी हात लावला नाही. मग पॅसेजची रंगरंगोटी झाली, आणि २००४ पासून त्याच नियमावर बोट ठेवून मझूझा काढून टाकायला सुरुवात झाली, घरात सुतक पाळलं जात असतानासुद्धा. २००९ मध्ये तिथल्या संघीय अपील न्यायालयाच्या पूर्णपीठाने हे प्रकरण फेटाळायला नकार दिला. जाणूनबुजून भेदभाव झाला का, हे पुराव्यानिशी तपासलं जायला हवं, असं ठरलं. दरम्यान शहराने आणि राज्याने कायदेही बदलले.

कमिटीवाल्यांनी हे नीट ध्यानात घ्यावं. नियम कागदावर सगळ्यांना सारखा असला तरी तुम्ही तो अचानक कडक करता तेव्हा कोणाला लागतो, ते बघावं लागतं. दोन बोटं रुंदीची वस्तू आणि चपलांचा ढीग एका मापात बसत नाहीत.

तिसरा प्रकार म्हणजे जिना, लिफ्टपुढची मोकळी जागा, गच्ची, तळमजल्यावरचा चौक, पार्किंग. इथे तुमचा हक्क इतरांइतकाच आहे, जास्त नाही. तात्पुरता वापर मागता येतो. कायमचा मागू नका, आणि मागितला तर कमिटीने देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सामायिक जागेत कायमस्वरूपी प्रार्थनास्थळ उभं राहिलं की आज सगळे राजी असले तरी उद्या घर घेणाऱ्याला विचारलेलं नसतं. पुढे ते हलवायची वेळ आली, पाइप फुटला, दुरुस्ती निघाली, तर ते काम कोणालाच करवत नाही. त्यात श्रद्धावानांचीच सगळ्यात जास्त ओढाताण होते.

पायरी ३: मोजा

अर्ज लिहायच्या आधी टेप घ्या. खरोखरची, पोलादी पट्टीची.

आमच्या इमारतीत एका कुटुंबाकडे दर आठवड्याला सामूहिक प्रार्थना असायची. पंचवीस-तीस माणसं यायची. गाणं मंद, वेळ ठरलेली, माणसं अदबीची. तरी कमिटीकडे तक्रार आली, आणि तक्रारीचा विषय होता 'सदनिकेतील धार्मिक कार्यक्रम बंद करण्याबाबत'. शब्दच असे की अर्धी इमारत एका बाजूला आणि अर्धी दुसऱ्या. आम्ही तिघी-चौघी त्या दिवशी वर जाऊन उभ्या राहिलो. पॅसेज पाच फुटांचा. चपलांनी भिंतीपासून तीन फूट खाल्लेले, आणि समोरच्या दारातल्या आजी वॉकर धरून उंबऱ्याशी थांबलेल्या. वॉकरचा पुढचा पाय एका बुटाच्या बंदात अडकला होता. आजी म्हणाल्या, "प्रार्थना चालू दे गं, चांगली असते. मला लिफ्टपर्यंत जाता यायला हवं, एवढंच." तक्रार त्यांच्या मुलाने लिहिली होती, आणि तीही दोनदा सांगून कोणी ऐकलं नाही म्हणून चिडून. उपाय दहा मिनिटांत निघाला. दाराच्या आत घडीचे दोन रॅक, आणि उरलेल्यांनी आपापल्या चपला कापडी पिशवीत घालून सोबत आत न्यायच्या. यजमानीणबाईंनी पिशव्या स्वतः शिवल्या आणि दाराच्या मागे खुंटीला लावून ठेवल्या. पॅसेज पाचचे पाच फूट मोकळा राहिला.

तर मोजायचं काय? वस्तू किंवा माणसं उभी राहिल्यावर वाट किती उरते, हे सगळ्यात आधी. रुग्णवाहिकेचं स्ट्रेचर जिन्याच्या वळणावरून जाईल का, आगीच्या वेळी दार पूर्ण उघडेल का. सुटकेच्या वाटेपुढे कोणतीही श्रद्धा आणि कोणतीही सजावट मागे, यात तडजोड नाही. माँट्रियलच्या कुटुंबांनीही हे स्वतःहून मान्य केलं होतं: दारं अडणार नाहीत, आग लागली तर बाहेर पडायच्या वाटा मोकळ्या राहतील अशा बेताने मांडव उभारू. त्यांच्या बाजूने निकाल लागण्यात या तयारीचा मोठा वाटा होता, असं निकाल वाचताना मला वाटलं. बहुमताने आणखी एक अपेक्षा ठेवली होती, मांडव जमेल तेवढा इमारतीच्या रंगरूपाला धरून असावा.

मग आवाज. भारतात ध्वनी प्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी पातळी सांगतात. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. दुसऱ्या देशांत आकडे वेगळे, तत्त्व तेच. त्याच वर्षी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने चेन्नईतल्या एका प्रार्थनास्थळाच्या प्रकरणात म्हटलं की ध्वनिवर्धक लावून किंवा ढोल बडवून इतरांची शांतता मोडत प्रार्थना करावी, असं कोणताच धर्म सांगत नाही. घरात मात्र डेसिबलपेक्षा भिंत जास्त बोलते. घंटा, झांज, पेटी किंवा स्पीकर सामायिक भिंतीला टेकवून ठेवू नका. आतल्या भिंतीकडे हलवा आणि खाली जाड गादी घाला. मग शेजाऱ्याच्या घरात जाऊन पाच मिनिटं बसा आणि घरच्यांना नेहमीसारखं सुरू करायला सांगा. आपला आवाज पलीकडून ऐकल्याशिवाय त्याचा अंदाज येत नाही.

ज्योत आणि धूर: उघडी ज्योत पॅसेजमध्ये नको. धूप, उदबत्ती, समई घराच्या आत, पडद्यापासून लांब, आणि माणूस खोलीत असतानाच. धूर ओळखणाऱ्या यंत्रावर पिशवी बांधायची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नका, ती आख्ख्या इमारतीच्या जिवाशी खेळणारी आहे. धूर जास्त होणारा विधी असेल तर मोकळ्या जागेसाठी वेगळी परवानगी मागा. वजनाचं लोक विसरतात. दगडी देव्हारा, पाण्याचा मोठा हौद, बाल्कनीत दाटीवाटीने उभी वीस माणसं. स्लॅबला किती पेलतं हे इंजिनिअरला विचारल्याशिवाय ठरवू नका. बाहेरच्या भिंतीला भोक पाडलं की पावसात ओल खालच्या घरात उतरते, म्हणून खिळ्याऐवजी क्लॅम्प किंवा वजनदार पायाचा स्टँड वापरा.

शेवटी वेळ. किती दिवस, किती वाजल्यापासून, किती वाजेपर्यंत, आणि आवरायला किती. माझ्या घरच्या सोहळ्यासाठी गच्ची मागताना मी अर्जात 'संध्याकाळी थोडा वेळ' असं लिहिलं होतं. सेक्रेटरींनी अर्ज परत पाठवला, वर पेनाने लिहिलं होतं: थोडा म्हणजे किती? मला राग आला, आपल्यावर विश्वास नाही असं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वही दाखवली. त्याच संध्याकाळी गच्चीवरच्या टाकीची सफाई ठरली होती.

पायरी ४: श्रद्धेची परीक्षा घेऊ नका, देऊ नका

ही पायरी मुख्यतः कमिटीवर बसणाऱ्यांसाठी. "तुमच्या धर्मात हे खरंच सांगितलंय का? आमच्या ओळखीचे तुमचेच लोक तर करत नाहीत," हे वाक्य सभेत आलं की सभा संपली असं समजा. माँट्रियलच्या निकालातला सगळ्यात मोलाचा भाग इथे आहे. खालच्या कोर्टात दोन्हीकडून धर्मपंडित आणले होते: स्वतःचाच सुक्का हवा की सगळ्यांचा मिळून चालतो? सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने सांगितलं की ते ठरवणं कोर्टाचं काम नाही. माणसाची श्रद्धा प्रामाणिक आहे का, आणि बंदीमुळे तिच्या आचरणात किरकोळ नव्हे इतकी बाधा येते का, एवढंच पाहायचं. त्यानंतर दुसऱ्या पारड्यात सहमालकांचं नुकसान ठेवायचं. मंडळ म्हणत होतं की इमारतीची किंमत आणि देखणेपणा कमी होईल. वर्षातल्या नऊ दिवसांच्या मांडवाने किंमत पडते याचा पुरेसा पुरावा पुढे आला नाही, आणि दिसण्यातला फरक धर्माचरणावरच्या बंदीपुढे फारच हलका ठरला.

निर्णय घेताना तुम्हीही हेच दोन प्रश्न विचारू शकता, खटला न होता. अर्जदाराला एवढंच विचारा: हे झालं नाही तर तुमचं काय अडतं? आणि विरोध करणाऱ्याला विचारा: हे झालं तर तुमचं काय बिघडतं? दोघांची उत्तरं शब्दशः इतिवृत्तात लिहा. 'बरं दिसत नाही' आणि 'माझ्या आईला वॉकर घेऊन जाता येत नाही' ही दोन उत्तरं एका वजनाची नाहीत, ती लिहिली की आपोआप दिसतं.

अर्जदारालाही सांगणं आहे. धर्मग्रंथाच्या उताऱ्यांची चळत जोडू नका. हे मी कधीपासून पाळते, माझ्यासाठी त्याचा अर्थ काय, हे दोन ओळींत आपल्या शब्दांत लिहा. पर्याय चालणार नसेल तर का चालणार नाही, तेही सांगा. बागेतला सुक्का का चालणार नाही हे त्या कुटुंबांना सांगावंच लागलं होतं.

पायरी ५: अर्ज

तोंडी "हो हो, करा की" यावर विसंबू नका. सेक्रेटरी बदलतात. नमुना देते, आपल्या गरजेप्रमाणे फिरवा.

प्रति,
मा. सचिव

विषय: सणानिमित्त दाराबाहेरील भिंतीलगत तात्पुरती मांडणी करण्यास परवानगी मिळण्याबाबत

महोदय,
मी सदनिका क्र. … मध्ये राहतो. आमच्या घरी या सणात दाराबाहेर दिवा ठेवण्याचे आचरण आहे व ते मी दरवर्षी पाळतो. त्यासाठी पुढील तपशिलाप्रमाणे परवानगी मिळावी.

जागा: दाराच्या डावीकडील भिंत, रुंदी ४५ सें.मी., भिंतीपासून पुढे २० सें.मी. मांडणीनंतर पॅसेजची मोकळी रुंदी १३० सें.मी. राहते. मोजमापाचा कच्चा आराखडा सोबत जोडला आहे.
कालावधी: दि. … ते …, रोज सायं. ६.३० ते ८.
सुरक्षितता: उघडी ज्योत नाही, बॅटरीवरील दिवा. भिंतीस खिळा किंवा चिकटपट्टी नाही.
शेजारी: समोरील व शेजारील सदनिकांतील रहिवाशांशी बोललो आहे. त्यांच्या सूचनेवरून वेळ ८ पर्यंत केली आहे.
आवराआवर: शेवटच्या दिवशी रात्री ९ पर्यंत सर्व साहित्य काढून जागा स्वच्छ करून देईन. नुकसान झाल्यास भरपाई माझी.

दि. … पर्यंत लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपला,

'शेजारी' ही ओळ रिकामी ठेवून अर्ज देऊ नका. शेजाऱ्याची बेल आधी वाजवा, कमिटीची नंतर. आणि जाताना निर्णय घेऊन जाऊ नका, प्रश्न घेऊन जा: "तुम्हाला कोणती वेळ अडचणीची आहे?" रात्रपाळी करणारा, तान्हं बाळ असलेली, दम्याचा त्रास असलेले काका, हे सगळं बेल वाजवल्यावरच कळतं. अर्ज सणाच्या निदान महिनाभर आधी द्या, म्हणजे कमिटीची एक बैठक मध्ये पडते.

पायरी ६: कमिटीचा निर्णय

नकार द्यायचा असेल तर कारण लिहा आणि पर्याय सुचवा. होकार द्यायचा असेल तर अटी लिहा. दोन्हीला तारीख आणि सही. गेल्या वर्षी दुसऱ्या कोणाला काय दिलं होतं ते वहीत पाहा, कारण उद्या तोच प्रश्न येणार आहे. एका धर्माच्या सणाला चौक चार दिवस दिला असेल तर दुसऱ्याच्या सणाला 'जागा सामायिक आहे' हे कारण चालत नाही. एखाद्याला वाढदिवसासाठी गच्ची मिळते आणि प्रार्थनेसाठी मिळत नाही, हेही चालू नये.

पैशाचं थोडं वेगळं आहे. जागा वापरू देणं आणि वर्गणीच्या पैशातून खर्च करणं या दोन गोष्टी आहेत. ज्याचा सण त्याने खर्च करावा किंवा स्वेच्छेची वर्गणी काढावी. देखभालीच्या निधीला हात लावू नये, कारण त्यात कोणताच धर्म न मानणाऱ्याचाही हिस्सा असतो. मात्र बसवलेल्या यंत्रणेत थोडा फरक करून काम भागत असेल तर हात आखडू नका. हालचालीने लागणाऱ्या दिव्याला बाजूला एक साधं बटण, सांकेतिक कुलुपासोबत किल्लीचा पर्याय, ठरावीक दिवशी प्रत्येक मजल्यावर आपोआप थांबणारी लिफ्ट, ज्याला शब्बाथ लिफ्ट म्हणतात. लिफ्टच्या बाबतीत इतरांचा वेळ आणि वीजबिल दोन्ही येतं, म्हणून ती गोष्ट पाच जणांच्या कमिटीत न ठरवता सगळ्या सदस्यांच्या सभेत ठरावी.

पायरी ७: बिनसलंच तर

चिडून मांडणी करू नका, आणि कमिटीवर असाल तर चिडून कोणाची मांडणी हटवू नका. धर्माच्या वस्तूला परक्याचा हात लागला की मूळ मुद्दा कोणाच्या लक्षात राहत नाही. शिकागोत हेच झालं. नोटीस द्या, मुदत द्या, आणि वस्तू ज्याची त्यालाच उचलू द्या. इमारतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यातलं एक वाक्यही लिहू नका. तिथे आवाजाची पट्टी ऐकू येत नाही आणि ज्यांचा संबंध नाही ते आधी बोलतात.

मध्यस्थ शोधा, दोघांचा विश्वास असलेला. इमारतीतला वडीलधारा चालतो, अर्जदाराच्या समाजातलं जाणतं माणूस चालतं. माँट्रियलच्या प्रकरणातही तिथल्या एका ज्यू संघटनेने मध्ये पडून तोडगा काढायचा प्रयत्न केला होता. आधी एका वर्षापुरता प्रयोग करून पाहायला दोन्हीकडचे सहसा तयार होतात. वर्षाने वहीत किती तक्रारी आल्या ते बघून पुढचं ठरवता येतं. इतकं करूनही जमलं नाही तर तुमच्या इथे अशा तंट्यांसाठी जी यंत्रणा असेल, निबंधक, गृहनिर्माण प्राधिकरण, भेदभावविरोधी आयोग किंवा दिवाणी कोर्ट, तिकडे जा. तेव्हा अर्ज, उत्तर, मोजमाप आणि फोटो हेच तुमच्या हातात असतात.

आणि सण पार पडल्यावर: ठरल्या वेळेआधी सामान उतरवा, जमिनीवर सांडलेलं तेल किंवा मेण नीट काढा, आधीचा आणि नंतरचा फोटो सेक्रेटरींना पाठवा, पॅसेज मोकळा करून दिल्याची नोंद वहीत करून घ्या. अर्जाची प्रत फाइलमध्ये ठेवा. पुढच्या वर्षी तारीख बदलून तीच द्यायची आहे.